म्हशीच्या नावावर काय लिहायचं?

हिंजवडीत बसून मी उत्तरेकडच्या थंड देशांतल्या गवताचा हिशोब करते. तिथे दुभत्या गायींसाठी गवत पेरतात, त्याला नत्रखत घालतात. हिवाळ्यात माती गोठते आणि वसंतात ती वितळताना नायट्रस ऑक्साइड एकदम बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा. खत किती, माती कशी, थंडी किती हे मॉडेलला सांगायचं. ते आकडा देतं.

हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. त्याच तालुक्यात, धरणाच्या वरच्या अंगाला, माझी आत्या दोन म्हशी पाळते. पावसाळ्यात त्या डोंगरउतारावर चरतात. पुढे कापून ठेवलेलं गवत आणि भाताचा पेंढा.

दिवाळीत तिने विचारलं, "तिकडच्या गायींचं मोजतेस, मग माझ्या म्हशींचं काय गं?"

मी सांगितलं. आयपीसीसीच्या २००६च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या म्हशीच्या नावावर वर्षाला ५५ किलो मिथेन आहे. उत्तर अमेरिकेतल्या दुभत्या गायीच्या नावावर १२८.

"म्हणजे माझे ११०. आणि धरणाचे?"

बुडालेल्या जमिनीतूनही मिथेन निघतो, आणि तो कसा मोजायचा हे २०१९च्या सुधारणेत दिलंय, असं मी म्हणाले. पण तिचा प्रश्न वायूचा नव्हताच. मुंबईला वीज मिळावी म्हणून इथली भातखाचरं पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांसोबत इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. आज जलविद्युत म्हणजे स्वच्छ वीज. म्हशीच्या श्वासाला रकाना आहे, बुडालेल्या गावाला नाही.

मॉडेल इथे खोटं बोलत नाही. वायू मोजायला ते बनवलंय, वायूच मोजतं. पण काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, ही रेघ कुणीतरी माणूसच ओढतो. ती ओढताना आपण न्यायाचाच निर्णय घेत असतो, फक्त त्याला तांत्रिक नाव देतो.

१९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी म्हटलं होतं, की जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन एकाच तराजूत घालू नका. मला ते पटतं. जरा जास्तच सहज पटतं, म्हणून शंका येते. भारताचं दरडोई उत्सर्जन कमी आहे, असं मी मीटिंगमध्ये ठासून सांगते. पण ती सरासरी खाली आणणारी माझी आत्या आहे, मी नाही. माझा दिवस एसीत जातो, घरी कॅबने जाते, वर्षातून दोनदा विमानात बसते. परदेशी माणसापुढे मी तिच्या म्हशींच्या आड उभी राहते.

हवेला अर्थातच गरीब-श्रीमंत कळत नाही. मिथेन कुणाचाही असो, तापवतोच. तो कमी करायचा तर चारा सुधारायला हवा, आणि तो खर्च आत्याने करावा असं मला म्हणवत नाही.

सध्या एवढंच करते: प्रत्येक अहवालात आकड्याखाली काय मोजलं नाही तेही लिहिते. आणि "आपण भारतीय" म्हणण्याआधी थांबून स्वतःचा आकडा वेगळा काढते. तो आत्याला अजून सांगितलेला नाही.