एका तुकड्याचा हिशेब

लहान मुलें मोठ्यांस जे प्रश्न विचारतात, त्यांतील बहुतेक कसें तरी उत्तर देऊन मिटवितां येतात. परंतु कांहीं प्रश्न असे असतात कीं, उत्तर देणारा न्यायाधीशाच्या आसनावरून उतरून आरोपीच्या पिंजऱ्यांत केव्हां जाऊन उभा राहिला, हें त्याचें त्यालाच कळत नाहीं. अशा एका प्रश्नाची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. प्रश्न विचारणारा माझा नऊ वर्षांचा भाचा, स्थळ लक्षद्वीपांतील अगत्ती बेट, आणि वादाचा विषय अंगठ्याएवढा एक पांढरा तुकडा.

प्राध्यापकाच्या संसारांत दूरचा प्रवास वरचेवर घडत नाहीं. गेल्या नाताळच्या सुटींत मात्र योग जुळून आला. पत्नीला समुद्राची लहानपणापासून ओढ. मुलगी कॉलेजांत जीवशास्त्र शिकणारी, तिला पोवळीं पाहावयाचीं होतीं. भाचा सुटीपुरता आमच्याकडे राहावयास आलेला. सरकारी परवाना हातीं पडला आणि आम्ही चौघे विमानानें कोचीस व तेथून दुसऱ्या लहान विमानानें, सुमारें दीड तासांत, अगत्तीस जाऊन पोहोंचलों. बेट इतकें अरुंद कीं, विमान उतरतांना दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाणीच दिसतें. लक्षद्वीपांतील सर्व बेटांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. एकट्या पुणें शहराच्या पोटांत अशीं दहांहून अधिक लक्षद्वीपें मावतील.

बेटाच्या पश्चिमेस पोवळ्यांच्या भिंतीनें अडविलेलें उथळ, शांत पाणी आहे. इंग्रजींत यास लगून म्हणतात. तोंडांत श्वासनळी धरून व डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवून त्या पाण्यावर पालथें पडलें कीं, खालीं दुसरेंच जग उघडतें. सांबराच्या शिंगांसारखीं फाटे फुटलेलीं पोवळीं, मेंदूसारखीं वळ्यावळ्यांचीं पोवळीं, आणि त्यांना चोंचीसारख्या तोंडानें खरवडणारे हिरवे-निळे पोपटमासे. कान पाण्यांत असले तर तें खरवडणें चक्क ऐकूं येतें. इतका निर्भेळ आनंद पन्नाशी ओलांडल्यावर मला क्वचितच झाला असेल. मात्र या बागेंतील बराच भाग करड्या, शेवाळलेल्या ढिगाऱ्यांचा होता. आमच्या नावाड्यानें तुटक हिंदींत सांगितलें कीं, त्याच्या लहानपणीं हें सारें जिवंत होतें. त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. मोडकळीस आलेला आपला वाडा पाहुण्यास दाखवितांना घरधनी जसा बोलतो, तसा तो बोलत होता.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं भाच्याच्या खिशांत तो तुकडा सांपडला. शिंगाच्या टोंकासारखा, पांढरा, केव्हांच मेलेला. "हा नेतां येत नाहीं," मीं सांगितलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं दगडी पोवळ्यांचा समावेश झाला, म्हणजे तीं वाघाच्या पंक्तीस जाऊन बसलीं, हेंही त्यास समजावून दिलें. वाघाची गोष्ट त्याला आवडली. पण निर्णय पटला नाहीं.

"मामा, किनाऱ्यावर असे लाखों पडले आहेत. मीं एक नेला तर काय कमी होणार?"

मीं शिक्षकाचें नेहमींचें शस्त्र बाहेर काढलें. "आणि सगळ्यांनींच एकेक नेला तर?"

"पण सगळे कुठें नेत आहेत? मी एकटाच तर नेतों आहें!"

कांटचें नीतिशास्त्र मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें आहे. आपल्या वर्तनाचा नियम हाच सर्वांचा नियम व्हावा, अशी इच्छा आपणांस करतां येईल असेंच वागावें, हें त्याचें सूत्र. आणि 'पण सर्व जण तसें वागत नाहींत' हा त्यावरचा नेहमींचा व्यवहारी आक्षेप. विद्यार्थ्यांना त्याचें उत्तर मीं पाठ करविलें आहे. परंतु नऊ वर्षांच्या मुलापुढें तें उच्चारतांना माझें मलाच पोकळ वाटूं लागलें. युबुलिडीस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नांवावर ढिगाचें एक कोडें सांगतात. धान्याच्या ढिगांतून एक दाणा काढला तरी ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग ढीग नाहींसा होतो तो केव्हां? कोणत्याही एका दाण्यावर ठपका ठेवतां येत नाहीं, आणि शेवटीं पाहावें तों भुई मोकळी. भाचा त्या एका दाण्याच्या वतीनें बोलत होता, आणि त्याचा पक्ष दुबळा नव्हता.

रात्रीं झोंप येईना, तेव्हां ध्यानांत आलें कीं, या कोड्याचें उत्तर आम्ही चार दिवस पायांखालीं तुडवीत होतों. प्रवाळजीव हा बहुधा कांहीं मिलिमीटरांचा, मऊ अंगाचा प्राणी. समुद्राच्या पाण्यांतून चुना घेऊन तो आपल्याखालीं कवच बांधतो आणि मरतो. त्या कवचावर दुसरा बांधतो. घुमटासारखें पोवळें वर्षाकांठीं सेंटिमीटरभर वाढलें तरी पुष्कळ. डार्विननें १८४२ सालीं ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, अशीं कंकणाकृति बेटें खचत चाललेल्या ज्वालामुखी पर्वतांच्या माथ्यावर उभीं आहेत. पर्वत खालीं जात राहिला आणि हे जीव त्याबरोबर वर बांधीत राहिले. १९५२ सालीं प्रशांत महासागरांतील एनिवेटॉक येथें खोल छिद्र पाडून पाहिलें, तेव्हां बाराशें मीटरांहून अधिक खालीं गेल्यावर ज्वालामुखीचा खडक लागला. तोंपर्यंत सारें बांधकाम चुन्याचें.

आतां विचारावें कीं, यांतील कोणता एक जीव नसता तर बेट उणें झालें असतें? कोणताही नाहीं. आणि त्यांतील प्रत्येकानें 'माझ्या एकट्यानें काय होणार' असें म्हणून हात आंखडला असता तर? बेट नसतें, माड नसते, नावाडी नसता. ज्या गोष्टी एकेकट्यानें कांहींच नसतात, त्यांच्याचवर आम्ही निजलों होतों. शिवाय मेलेलें पोवळें म्हणजे केर नव्हे. जेमतेम कांहीं मीटर उंचीची ही भूमि मेलेल्या पोवळ्यांच्याच चुऱ्याची आहे. लाटांना अडवावयास तिच्याजवळ दुसरें कांहीं नाहीं.

सकाळीं मीं भाच्यास हें सारें सांगितलें. तो थोडा वेळ विचारांत पडला आणि भरतीच्या रेषेपाशीं जाऊन आपला तुकडा ठेवून आला. मला विजय मिळाल्यासारखें वाटलें. तो विजय चहा होईपर्यंतच टिकला.

"बाबा, तुकडा तर परत ठेवला," मुलगी म्हणाली, "पण आपण चौघे विमानानें आलों, त्याचा धूर कुठें परत ठेवायचा?"

तिच्या बोलण्याचा रोख समजण्यास थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. पोवळ्याच्या अंगांत सूक्ष्म शैवालें राहतात. सूर्यप्रकाशावर तीं अन्न तयार करतात व यजमानास देतात. त्याचा रंगही बहुतांशीं त्यांचाच. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल मर्यादेहून पाणी एका अंशानें अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं हा शेजार मोडतो. शैवालें बाहेर टाकलीं जातात, पोवळें पांढरें पडतें, आणि पाणी लवकर निवलें नाहीं तर उपाशीं मरतें. लक्षद्वीपांत १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या सालीं हें घडलें. हवामानबदलाविषयींच्या आंतरसरकारी मंडळानें २०१८ सालीं दिलेल्या अहवालाप्रमाणें, पृथ्वीचें तापमान उद्योगयुगापूर्वींच्या मानानें दीड अंशानें वाढल्यास जगांतील प्रवाळभिंती आणखी शेंकडा ७० ते ९० नीं घटतील. दोन अंशांनीं वाढल्यास जवळजवळ कांहींच उरणार नाहीं.

म्हणजे नावाड्याची बाग कोणी खिशांत घालून नेली नव्हती. ती दुरूनच, आमच्यासारख्यांच्या घरांतून, गाड्यांतून आणि विमानांतून, मोडत आली होती. मुलाच्या खिशांतील तुकड्यासाठीं मीं एक रात्र खर्ची घातली, आणि माझ्या खिशांतील तिकिटाकडे माझें लक्षही गेलें नव्हतें.

माणूस आरोपी झाला कीं त्याला वकिली आपोआप येते. माझ्या मनांत तीन बचाव उभे राहिले. पहिला असा कीं, आम्ही नसतों तरी विमान उडालेंच असतें. परंतु हा तर भाच्याचाच युक्तिवाद, नुसता मोठ्या माणसाचा कोट घातलेला. दुसरा असा कीं, हें काम सरकारांचें व कारखानदारांचें आहे. तें त्यांचें आहेच, आणि त्यांचा वांटा माझ्याहून फार मोठा आहे. पण शेजाऱ्याचें कर्ज मोठें म्हणून माझें लहान कर्ज फिटत नाहीं. तिसरा बचाव मात्र मला सहजासहजीं बाजूस सारतां येईना. पाहिल्यावांचून प्रेम उपजत नाहीं. भाच्यानें पोपटमासा पाहिला आहे, तो त्यास जन्मभर विसरणार नाहीं. आणि आमच्या पैशांतून नावाड्याचें घर चालतें. हें सारें खरें आहे. तथापि ज्याच्यावर प्रेम म्हणावें त्याला आपल्या प्रेमाचा खर्च काय पडतो, हें न विचारणारें प्रेम हें भुकेचेंच दुसरें नांव नव्हे काय?

माझी ही कुचंबणा पाहून पत्नी म्हणाली, "अहो, तुमचें तें ग्रीक कोडें राहूं द्या. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते ना?"

महाराष्ट्रांतील किती घरांत ती कहाणी आजही वाचली जाते! राजाला महादेवाचा गाभारा दुधानें भरावयाचा होता. गांवांतील सर्वांनीं घरचें सारें दूध आणून ओतलें. गाभारा भरला नाहीं. मग एक म्हातारी आली. तिनें घरांतील मुलांबाळांना दूध दिलें होतें, गाईच्या वासरांना पाजलें होतें, आणि उरलेलें खुलभर दूध घेऊन ती आली होती. तेवढें ओततांच गाभारा भरला. राजानें कारण विचारलें, तेव्हां उलगडा झाला. लोकांनीं आणलेलें दूध लेंकरांच्या आणि वासरांच्या तोंडचें काढून आणलेलें होतें.

लहानपणापासून ऐकलेल्या या कहाणींत माझ्या कोड्याचें उत्तर असेल, असें मला कधीं वाटलें नव्हतें. ढिगाचें कोडें 'किती' असें विचारतें, आणि 'किती' या प्रश्नाला एकट्या माणसापुरतें नेहमींच एक उत्तर मिळतें: नगण्य. कहाणी 'किती' असें विचारीतच नाहीं. तुझ्या हातांतील दूध कोणाच्या तोंडचें आहे, एवढेंच ती विचारते. या प्रश्नाला नगण्य असें उत्तर नाहीं. अगत्तीचे कोळी लगूनमधील बारीक जिवंत मासे आमिष म्हणून नेतात आणि खोल समुद्रांत गळानें टूना धरतात. पोवळीं गेलीं कीं तें आमिष विरळ होणार, लाटांची अडवणूक सैल पडणार, आणि जमीन आधींच हातभर उंच. आमचा आनंद खरा होता. पण त्यांतील कांहीं भाग या लोकांच्या व त्यांच्या मुलांच्या तोंडचा होता.

यावरून कोणी घराबाहेरच पडूं नये, असें मी म्हणत नाहीं. म्हातारीही देवळांत गेलीच. तिनें पूजा सोडली नाहीं, फक्त क्रम पाळला. आधीं घरचीं तोंडें, मग देव. आपल्या आनंदाला हा क्रम लावतां आला तर पुष्कळ झालें. हल्लीं प्रवासाच्या धुराबद्दल पैसे भरून झाडें लावण्याची सोय निघाली आहे. झाडें अवश्य लावावीं. पण आपल्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्ताबरोबर पश्चात्ताप आणि 'पुन्हां असें करणार नाहीं' हा निश्चय सांगितला आहे. त्यांवांचून भरलेला पैसा म्हणजे पुढील अपराधाचें आगाऊ तिकीट होय.

आम्हीं घरीं येऊन ठरविलें कीं, पुढील पांच वर्षें हौसेसाठीं विमानांत बसावयाचें नाहीं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या समुद्रांतही पोवळीं आहेत. मालवणच्या या समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. तेथें आम्हांस एस.टी.नें जातां येईल. या निश्चयानें समुद्र निवणार नाहीं, हें मुलीनें मला सांगितलें आणि मलाही ठाऊक आहे. एका प्रवाळजीवानें बेटही होत नाहीं.

तुकडा परत ठेवतां आला. प्रवास परत ठेवतां येत नाहीं. घरीं आल्यावर भाच्याची चड्डी धुतांना पत्नीला खिशाच्या शिवणींत चिमूटभर पांढरी वाळू सांपडली. तीही पोवळ्यांचीच. ती परत नेऊन ठेवावयाची तर पुन्हां विमान लागलें असतें, म्हणून भाच्यानें ती तुळशीच्या कुंडींत घातली, आणि मला विचारलें, "मामा, ही किती आहे हें विचारायचें नाहीं ना?"