म्हाताऱ्यांचा मास्तर

सॉक्रेटिस उतारवयात वाद्य शिकायला जायचा, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. प्लेटोच्या 'युथिडेमस' या संवादात तो स्वतःच आपल्या मित्राला, क्रायटोला, ते सांगतो. कॉनस नावाच्या वादकाकडे तो तारवाद्य शिकत होता. वर्गातली पोरं त्याला हसायची आणि बिचाऱ्या कॉनसला 'म्हाताऱ्यांचा मास्तर' म्हणून चिडवायची.

मी सेहेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकतोय. माझ्या बॅचमधली सगळ्यात लहान मुलगी अकरा वर्षांची आहे. ती हसत नाही. "काका, अंगठा मागे घ्या," एवढंच शांतपणे सांगते. हे हसण्यापेक्षा जास्त झोंबतं.

लोक विचारतात, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला साधारण 180 तास. एवढ्या वेळात बरंच काही होऊ शकतं. आणि मी कधीही चांगला गिटारवादक होणार नाही, हे मला ठाऊक आहे. मग जे आपल्याला धड जमणारच नाही, त्यावर आयुष्य खर्च करणं योग्य आहे का?

यावर एक तयार उत्तर मिळतं: मेंदू तल्लख राहतो, ताण कमी होतो. असेलही. पण मग गिटार म्हणजे च्यवनप्राशच झाली की! उद्या तेवढाच फायदा देणारी गोळी निघाली, तर मी गिटार विकून टाकीन का? नाही. म्हणजे खरं कारण वेगळं असणार.

अलास्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने 'आफ्टर व्हर्च्यू' (1981) या पुस्तकात एक उदाहरण दिलंय. सात वर्षांच्या मुलाला गोळ्यांचं आमिष दाखवून बुद्धिबळ शिकवायचं. जोवर तो गोळ्यांसाठी खेळतोय, तोवर फसवून जिंकायला त्याला काहीच हरकत वाटणार नाही. पण हळूहळू त्याला खेळातलीच गंमत कळू लागली, तर फसवण्यात तो स्वतःचंच नुकसान करेल. काही सुखं त्या त्या कामाच्या आतच असतात. ती बाहेरून विकत मिळत नाहीत.

उशिरा शिकणाऱ्याला गोळ्या मिळतच नाहीत. परीक्षा नाही, स्पर्धा नाही, करिअर नाही. राहते ती फक्त आतली गोष्ट. पण म्हणून 'कसंही वाजवा, मजा करा' असं मी म्हणणार नाही. एफ कॉर्डला पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. बोट जरा ढिलं पडलं की तार मुकी होते. ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत, त्यातलं कुणीही मला तोंडावर 'हे बरोबर नाही' म्हणत नाही. तारेला माझं पद माहीत नाही. या वयात आपल्याला सरळ 'नाही' म्हणणारं काहीतरी जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे. नवा मुलगा एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायला येतो, तेव्हा मला आठवतं: डोक्याला कळणं आणि बोटांना वळणं यात कित्येक महिने जातात.

ॲरिस्टॉटलला मात्र हे पटलं नसतं. 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात तो म्हणतो की संगीताची पारख यावी म्हणून तरुणपणी वाजवायला शिकावं, वय झाल्यावर वाजवणं सोडलं तरी चालेल. मला त्याच्या मतापेक्षा एक वेगळीच गोष्ट टोचते. ज्या नागरिकांच्या फुरसतीबद्दल तो एवढं बारकाईने लिहितो, त्यांची कामं गुलाम करत होते. फुरसत आकाशातून पडत नाही. ती कुणाच्या तरी हातातून येते.

माझा अर्धा तासही तसाच आला. रात्री नऊला मी दार लावून बसायचो, तेव्हा बायको ओटा आवरायची, आईची औषधं द्यायची, दूध विरजायची. म्हणून 'उपयोग काय' यापेक्षा 'याचा खर्च कोण करतंय' हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. आम्ही तो घरात बसून सोडवला. आता नऊ ते साडेनऊ माझे, साडेनऊ ते दहा तिचे. त्या वेळात आईकडे आणि ओट्याकडे मी बघतो.

ती त्या अर्ध्या तासात काहीच शिकत नाही. गच्चीवर जाऊन बसते, बस्स. सुरुवातीला माझ्या ओठांवर आलं होतं, 'निदान काहीतरी कर की!' पण ज्या प्रश्नाने मी वैतागतो, तोच तिला विचारायचा मला काय अधिकार?

तुमच्यातले काही जण चोविसाव्या वर्षीच 'आता उशीर झाला' म्हणतात, कारण रीलवर नऊ वर्षांचं पोर सोलो वाजवतं. उशीर हा स्पर्धेतला शब्द आहे. ज्याला स्पर्धेत उतरायचंच नाही, त्याला कशाचा उशीर? सॉक्रेटिसने हसणाऱ्या पोरांवर एक साधा उपाय काढला होता: आणखी काही म्हाताऱ्यांना पटवून तो कॉनसकडे घेऊन गेला. मला तो उपाय आवडतो. आपल्याला थोडी मोकळीक मिळाली, तर ती एकट्याने भोगू नये. शेजारच्यालाही ती मिळेल असं बघावं, आणि तो तिचं काय करतो ते विचारू नये.