नाव नसलेले मृत

नोव्हेंबर हा आपल्या दिवंगतांचा महिना. 2 तारखेला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, मिस्सासाठी नावांची यादी दिली जाते. त्यातले एखादे नाव वाचायचे राहून गेले, तर घरातील वडीलधाऱ्यांना दिवसभर रुखरुख लागते. परमेश्वराला तर सर्व ठाऊक आहे. मग नावाचा एवढा आग्रह कशासाठी? या प्रश्नाशी थबकलो की मला पूर्व आफ्रिकेतील एका पलटणीचा इतिहास आठवतो.

‘किंग्ज आफ्रिकन रायफल्स’ ही ब्रिटिशांची पलटण 1902 मध्ये उभी राहिली. अधिकारी गोरे, शिपाई आफ्रिकी. 1914 मध्ये शेजारच्या जर्मन वसाहतीशी युद्ध पेटले, तेव्हा तिच्या 3 बटालियन होत्या; युद्ध संपेपर्यंत त्या 22 झाल्या. त्या मुलखात रस्ते थोडे, आणि त्सेत्से माशीच्या दंशाने ओझ्याची जनावरे मरून पडत. म्हणून धान्य आणि दारूगोळा माणसांच्या डोक्यावरून गेला. लाखो हमाल राबले. त्यांतील कितीतरी जण बळजबरीने धरून आणलेले होते. उपासमार, हगवण आणि हिवताप यांनी, सरकारी नोंदींनुसारच, त्यांतले 40 हजारांहून अधिक दगावले.

1917 मध्ये ब्रिटिश साम्राज्याने युद्धमृतांसाठी आयोग नेमला. हुद्दा वा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव कोरले जावे, हे त्याचे उदात्त तत्त्व. युरोपात ते पाळले गेले. आफ्रिकेत मात्र खर्चाचे कारण निघाले. या लोकांना थडग्याचे महत्त्व काय कळणार, असेही म्हटले गेले. नैरोबीत 1928 मध्ये उभारलेल्या स्मारकावर तीन पुतळे आहेत. मृतांपैकी एकाचेही नाव नाही. हमालांच्या ‘कॅरिअर कोअर’ची आठवण उरली ती दार-एस-सलाममधील ‘करियाकू’ या बाजारपेठेच्या नावात.

2021 मध्ये त्याच आयोगाने आपली चूक मान्य करून क्षमा मागितली. निदान 1 लाख 16 हजार मृत, बहुतांशी पूर्व आफ्रिका व इजिप्तमधील, नावानिशी स्मरणाला मुकले होते. पण अनेकांची नावे मुळात टिपलीच गेली नव्हती. मग अशा क्षमायाचनेला अर्थ काय?

आपण पापनिवेदन करतो, तेव्हा देवाला नवी माहिती देत नाही. आपल्या तोंडून सत्य बाहेर पडावे, एवढ्यासाठी बोलतो. नावाचेही तसेच आहे. ते देवाच्या स्मरणासाठी नसते. हाही माझ्यासारखाच देवाच्या प्रतिमेचा माणूस होता, ही कबुली त्यातून आपण देतो. मात्र निवेदनानंतर प्रायश्चित्त उरतेच. गेलेली नावे परत मिळणार नसतील, तर जिवंतांची नावे विचारणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

आपल्या घराचा पाया खणणाऱ्या, आपले ओझे उचलणाऱ्या मजुराचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? यंदाची यादी लिहिण्यापूर्वी स्वतःला एवढे विचारून पाहावे.