सावडीचा देव

वारकरी संतांच्या कथांत देव काय काय कामं करतो, ते एकदा ओळीने आठवून पाहावं. तो जनाबाईच्या जात्याला हात लावतो, तिच्याबरोबर शेणी वेचतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीने पाणी भरतो. सेना न्हाव्याची धोकटी खांद्याला अडकवून राजाच्या हजामतीला जातो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरं ओढतो. आधी काम टाक, मग दर्शन देतो, असं तो कुणालाच म्हणत नाही. ज्याचे हात पुरत नाहीत त्याच्या कामात जाऊन उभा राहतो. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावतोबांनी तर मळा सोडून वारी केलीच नाही, असं परंपरा सांगते. इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. सावतोबांच्या भेटीला मात्र पांडुरंगाची पालखी अरणला जाते.

तेरच्या गोरोबांची कथा ऐकताना अंगावर काटा येतो. बायको पाणी आणायला गेली, रांगतं मूल बापाच्या भरवशावर ठेवून. बाप चिखल तुडवता तुडवता नामात रंगला आणि मूल पायाखाली गेलं. पुढे देवाने ते परत दिलं, हे खरं. पण मला ही कथा त्या आईच्या जागेवरून ऐकावीशी वाटते. काम, लेकरू आणि देव तिन्ही एका वेळी एकाच माणसावर आले होते आणि पाण्याला जायला दुसरं कोणी नव्हतं. परंपरेने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, याचा मला फार आदर वाटतो.

गावातल्या घरांत आजही हे सारं एकदमच येतं. दारात दोन दुभत्या संकरित गाई असल्या की पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढून वेळेत दूध संकलन केंद्रावर पोचवायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. लग्न असो, दहावा असो, आषाढी असो. धार चुकली की कास दाटते, कासदाहाची भीती असते. शेतपंपाला वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला शिवारात. अशा घराला 'जरा स्वतःसाठी वेळ काढा' असं सांगणं सोपं आहे. तो वेळ काढायचा कुणाच्या वाट्यातून, हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो.

पूर्वी विसावा मागावा लागत नसे, तिथीच तो देत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी व्हायची, तूप-हळद लावून खांदे चोळायचे आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण थेट बैलालाच द्यायचं. त्या दिवशी मानेवर जू नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हाच मान बेंदराला. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, काही चिरायचं-कापायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. लेकी माहेरी यायच्या, झाडाला झोका बांधला जायचा, रात्री फेर धरला जायचा. ही निव्वळ करमणूक नव्हती. विसावा हा सगळ्या गावाचा नेम होता, म्हणून तो घेणाऱ्याला ओशाळं वाटत नसे.

त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच गावात वेठ होती, विटाळ होता. आणि पोळ्याला बैल सुटा असला तरी त्याच्या पुरणपोळीसाठी चुलीपुढे बसलेली बाई सुटी नव्हती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती. पुरुषांपैकी मुळात जेमतेम चौथा हिस्साच घरकामाला हात लावत होता आणि जे लावत होते त्यांची मिनिटं होती 97. नवरा दिंडीबरोबर पायी निघाला की हा आकडा आणखी एकाच बाजूला कलतो. त्याच्या वारीचं पुण्य तो आपल्या नावावर धरतो. पण मागे राहून गोठा, म्हातारी सासू आणि पोरांची शाळा सांभाळणारी बाईसुद्धा ती वारी चालत असते, आणि तिच्या गळ्यात कोणी माळ घालत नाही. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

काम, घर, देव आणि चार घटका सुख यांचा मेळ एकट्या माणसाच्या दिवसात बसत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. तो बसतो तेव्हा कुणीतरी आपल्या वाट्याचं ओझं उचललेलं असतं. शेतीला हे माहीत होतं. आज तुझ्या शेतात खुरपायला मी, उद्या माझ्या शेतात तू, ही सावड. नांगरटीला शेजाऱ्यांच्या औतांना बोलावून, रात्री जेवू घालून काम उरकणं, हे इर्जिक. ट्रॅक्टर आला, मजुरी रोखीत द्यायची वेळ आली आणि बऱ्याच गावांत हे मागे पडलं. घरकामाची, म्हातारपणाच्या शुश्रूषेची आणि देवदर्शनाची सावड तर आपण कधी नीट घातलीच नाही. ती घालायला सरकारी योजना लागत नाही.

घरात यंदा वारीला कोण जाणार, हा प्रश्न कारभारणीला विचारूनच सुटावा. आणि ती जाणार असेल, तर नुसतं 'जा' म्हणून भागणार नाही. गाय अनोळखी हाताला लवकर पान्हा सोडत नाही. दिंडी निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून तिच्या नवऱ्याने रोज दोन्ही वेळा तिच्याबरोबर गोठ्यात बसावं. वासरू कधी सोडायचं, आंबोण किती ठेवायचं, कोणती गाय लाथ झाडते, हे सगळं तिच्याकडून शिकून घ्यावं.