पिठाचा कोंबडा, डांबराचं कबूतर

उज्जयिनीच्या यशोधर राजाला देवीपुढे जिवंत कोंबडा मारायचा नव्हता. आईने हट्टच धरला, तेव्हा त्याने पिठाचा कोंबडा करून तो कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी जैन कथा त्याला सोडत नाही. मारायचा संकल्प झाला ना? मग भोगा! मायलेकांना मोर, कुत्रा असे पशुजन्म घ्यावे लागतात. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलका’त ही कथा ऐसपैस सांगितली आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस आणि विल्यम फॉस्टर यांना ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीचा सराव हवा होता. त्यातून १९२० च्या आसपास ‘स्कीट’ हा खेळ आकाराला आला. यंत्रातून भिरकावलेली थाळी छर्‍यांनी फोडायची. थाळी डांबरी राळ आणि चुनखडीच्या भुकटीची, जेमतेम अकरा सेंटीमीटर रुंद. पण ती फोडताना शिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे ग्राउसच उडत असतो. यशोधराचा न्याय त्यालाही लावायचा का?

शिकारी म्हणेल, नेम कच्चा ठेवून रानात जाणं जास्त वाईट. त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. डेन्मार्कमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुलाबी पायांच्या रानहंसांची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा प्रौढ पक्ष्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश अंगात छर्रे घेऊन उडत होते. १९९७ पासून शिकाऱ्यांना जवळूनच बार टाकण्याची ताकीद मिळू लागली, आणि हे प्रमाण घटलं.

मैदानाची शिकवण मात्र अपुरी पडते. स्कीटमध्ये थाळीची एक कपची उडालेली दिसली तरी गुण मिळतो. रानात तशी ‘कपची’ म्हणजे पंखात छर्रा घेऊन झुडपात शिरलेला, कुत्र्यालाही न सापडणारा पक्षी. थाळी सुटताना सर्वांत वेगात असते आणि पुढे मंदावते. पक्षी उठल्यावर वेग घेत जातो. शिवाय मैदानावर प्रत्येक थाळीवर बार टाकायचाच असतो. लांबचा पक्षी सोडून द्यायला तिथे कोण शिकवणार?

कौटिल्याने मृगयेला व्यसनांत धरलं, तरी तिची बाजूही मांडली: व्यायाम होतो, चरबी झडते, चल आणि स्थिर लक्ष्यावर हात बसतो. यातला शेवटचा मुद्दा तरी थाळीने निकाली काढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात आज शिकारीला बंदी आहे. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवलं ते थाळ्या फोडूनच. नेमबाजीची हौस मैदानावर पुरेपूर भागते. जिथे शिकारीला परवानगी आहे तिथल्या शिकाऱ्याने सराव जरूर करावा, पण त्याची सबब सांगू नये. पक्षी मारायचा आहे, असं सरळ म्हणावं.