भय शिकविण्याचा अधिकार

भंडारा रोड नावाचे रेल्वे स्थानक वस्तुतः आमच्या वरठीत आहे. इंजिनाच्या भोंग्याने इथे कोणी दचकत नाही. दचकते ती सुटीला आलेली माझी तीन वर्षांची नात. तिला फलाटावर न्यावे की नाही यावर घरात वाद झाला, तेव्हा मानसशास्त्र शिकणाऱ्या पुतणीने आपले पाठ्यपुस्तक पुढे केले.

त्यात वॉटसन व रेनर यांचा १९२० सालचा प्रयोग होता. अल्बर्ट असे नाव दिलेले सुमारे अकरा महिन्यांचे बाळ पांढऱ्या उंदराला भीत नव्हते. उंदीर पुढे येताच त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणण्यात आला. काही दिवसांत नुसता उंदीर पाहूनच ते रडू लागले. भय शिकविता येते हे दिसले. परंतु ते भय न घालविताच बाळाला जाऊ दिले. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी उलट वाट धरली. सशाला भिणाऱ्या पीटरला खाऊ देत देत त्यांनी ससा हळूहळू जवळ आणला. पीटरचे भय त्यांनी निर्माण केले नव्हते; ते आधीच होते. माझ्या मते सारा नैतिक भेद इथेच आहे.

पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलींच्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती तपासून पाहिली. तिचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी काही रुग्णांना वरवर तसाच दिसणारा, पण अपुरा उपचार देण्यात आला होता.

“काका, ही फसवणूक नव्हे का?” पुतणीने विचारले.

मी चटकन ‘होय’ म्हणालो आणि मग अडखळलो. तुलना केलीच नाही, तर गुण उपचाराने आला, काळाने आला की डॉक्टरांच्या आपुलकीने, हे कसे कळावे? न पारखलेला उपचार हजारोंना देत राहणे हेही एक प्रकारचे असत्यच. मात्र ज्ञानाची किंमत दुखणाईताने मोजायची असेल, तर ती त्याला आधी सांगितली पाहिजे. ‘तुमच्या वाट्याला दोहोंपैकी कोणताही उपचार येईल’ एवढे म्हणण्याने प्रयोग सहसा बिघडत नाही. बिघडलाच, तर बिघडू द्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तर पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांवरील मुलाचाही होकार मागतात.

नात तीनच वर्षांची. तरीही तिला विचारले. गाडी लांबून पाहायची, असे तिने सांगितले. म्हणून दोन दिवस आम्ही स्थानकाबाहेरच उभे राहिलो.