प्रामाण्याचा वाद आणि परवानगीची यादी

कार्यालयाच्या संगणकावर कोणता प्रोग्रॅम चालू द्यायचा, हे दोन रीतींनी ठरवता येते. घातक म्हणून माहीत झालेले प्रोग्रॅम तेवढे अडवायचे आणि बाकीच्यांना मोकळीक द्यायची, ही अँटिव्हायरसची जुनी रीत. दुसऱ्या रीतीत यादी असते ती परवानगीची. यादीत नाव नाही तो प्रोग्रॅम उघडतच नाही. विंडोजमध्ये २००९पासून असलेले अॅपलॉकर हे या रीतीचे परिचित साधन. सिद्ध करण्याचा भार कोणी वाहायचा, यावर दोन्ही रीतींची फारकत होते.

भारतीय दर्शनांत या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाला. मीमांसकांच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असते. बाधक काही पुढे आले तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरच्या आधाराने कळावे लागते, असे ते म्हणतात. पहिली रीत मीमांसकांना जवळची, दुसरी नैयायिकांना.

संगणकाच्या बाबतीत नैयायिकांची बाजू सरस ठरते. संगणकशास्त्रज्ञ जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली तिचे कारण नेमके सांगितले. परवानगीवर उभ्या केलेल्या व्यवस्थेत चूक राहिली, तर एखादे काम अडते आणि चूक लगेच कळते. मनाईवर उभ्या केलेल्या व्यवस्थेतली चूक नको त्याला आत सोडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यात, कोणताही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे अचूक सांगणारी सार्वत्रिक पद्धत असूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकात सिद्ध केले. म्हणजे घातकांची यादी कधीच पुरी होणार नाही.

मग परवानगी द्यायची कशाच्या आधारे? अॅपलॉकर तीन आधार देते. फाइल कोणत्या फोल्डरात आहे हा पहिला आणि सर्वांत कच्चा. त्या फोल्डरात वापरकर्त्याला फाइल ठेवता येत असेल, तर नियमाला अर्थच उरत नाही. दुसरा आधार फाइलच्या हॅशचा, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेल्या ठशाचा. तो पक्का, पण फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश बदलतो, त्यामुळे प्रत्येक अपडेटला नवा नियम लागतो. तिसरा आधार म्हणजे निर्मात्याची डिजिटल सही. हे सरळसरळ आप्तवाक्य आहे: सांगणारा विश्वासाचा, म्हणून सांगितलेले ग्राह्य.

आप्तावरची ही भिस्त किती धोक्याची ठरू शकते, ते २०२०मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात दिसले. घुसखोरांचा कोड कंपनीच्याच अपडेटमधून, कंपनीच्याच खऱ्या सहीनिशी ग्राहकांकडे पोहोचला. प्रामाण्य फळावरून, म्हणजे प्रवृत्तीच्या यशावरून कळते, हे नैयायिकांचे उत्तरही इथे अपुरे पडते, कारण तो कोड सुरुवातीला सुमारे दोन आठवडे निपचित राहत असे.

इथेच मीमांसकांचा जुना आक्षेप जिवंत होतो. प्रमाणाला दुसरे प्रमाण, त्याला तिसरे, अशी अनवस्था कुठे थांबवायची? सही तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर विश्वास कशाने? संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा धागा कंपायलरपर्यंत, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनापर्यंत नेला: सोर्स कोड निर्दोष दिसत असतानाही कंपायलर तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दगा मिसळू शकतो. ही साखळी तर्काने संपत नाही. अमुक ठिकाणी विश्वास ठेवायचा, असे कोणीतरी माणूस ठरवतो, तेव्हा ती थांबते.

म्हणून त्या माणसावर उत्तरदायित्व येते. समजा, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा छोटासा कन्व्हर्टर एका लिपिकाने उघडला. पडद्यावर ‘अॅडमिनिस्ट्रेटरने हे अॅप अडवले आहे’ एवढाच संदेश येतो आणि अॅपलॉकरच्या लॉगमध्ये ८००४ क्रमांकाची नोंद पडते. कारण कळत नाही, दाद कोणाकडे मागायची तेही कळत नाही. अशा वेळी तो फाइल घरच्या संगणकावर पाठवून काम उरकतो आणि कार्यालयाचा मजकूर कुठल्याच नियंत्रणात राहत नाही. सुरक्षाव्यवस्था वापरणाऱ्याला सहज पाळता आली पाहिजे, हेही सॉल्ट्झर आणि श्रोडर यांच्या तत्त्वांपैकीच एक. भार प्रोग्रॅमवर टाकणे न्याय्य आहे. तो लिपिकावर टाकणे नाही. नकारासोबत कारण, अर्ज करण्याची जागा आणि उत्तराची मुदत द्यायला यादी करणारा बांधील आहे. नियम सक्तीचा करण्याआधी अॅपलॉकर काही आठवडे नुसत्या नोंदीपुरते चालवले, तर असे कन्व्हर्टर कोणाचे काम अडण्याआधीच, ‘सक्ती असती तर हे अडले असते’ असे सांगणाऱ्या ८००३ क्रमांकाच्या नोंदींत सापडतात.